अबोला आणि तारेने आलेले पैसे

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आमच्या बँकेत मुंबईहून मोठी रक्कम त्याच दिवशी हवी असली, तर ती तारेने येई. नोटा अर्थातच तारेतून येत नसत. मुंबईची शाखा तार करी. तिच्यात रकमेऐवजी ठरलेले शब्द आणि शेवटी एक आकडा असे. तो पडताळायला एक गुप्त संख्या मॅनेजरकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्हींची बेरीज त्या आकड्याशी जुळली, की तार खरी मानून पैसे द्यायचे.

अडचण एवढीच होती, की मॅनेजर आणि मी बोलत नव्हतो. ते घाटावरचे, शुद्ध शाकाहारी, कागद उडतात म्हणून खिडकी बंद ठेवणारे. मी इथलाच, ऐन वैशाखात खिडकी बंद दिसली की माझं डोकं फिरे. त्यावरून एकदा चांगली जुंपली. मग समोरासमोर बसून आम्ही शिपायाच्या हाती एकमेकांना चिठ्ठ्या धाडू लागलो. शिपायाला भलती मजा येत होती.

अशात मिरकरवाड्याची एक कोळीण मावशी आली. तिचे मुलगे दुसऱ्याच्या होडीवर राबत होते. तिला घरची होडी हवी होती. मुंबईचा भाऊ पैसे पाठवणार होता. हर्णेचा होडीवाला तिच्या शेजारीच बाकावर बसला होता. दुपारच्या एसटीआधी पैसे मिळाले नाहीत, तर तो होडी गुहागरच्या गिऱ्हाइकाला देणार होता.

"सायब, इले काय वो पैशे?" मावशी पुन्हा पुन्हा विचारत होती.

दुपारी बँकेचे व्यवहार बंद व्हायच्या सुमारास तार आली. मी सवयीने चिठ्ठीसाठी पेन उचललं आणि थबकलो. गुप्त संख्या शिपायाच्या हाती द्यायची नाही, असा कडक नियम. ती तोंडीच सांगायला हवी होती, आणि मी उघडलेल्या खिडकीला लागून तर बाहेर गिऱ्हाइकं उभी. मावशी माझ्याकडेच बघत होती. मी मुकाट्याने उठलो, स्वतःच्या हाताने खिडकी लावली आणि मॅनेजरसाहेबांच्या कानाशी वाकलो. खिडकी लावताना स्वतःचाच असा काही राग आला होता म्हणता! पण बेरीज जुळली, तेव्हा "जुळली!" म्हणून आम्ही दोघेही एकदमच ओरडलो. होडीवाला पैसे घेऊनच एसटीत चढला.

चार दिवसांनी मावशी हसत आली. मुलांनी घरच्या होडीतून आणलेली पहिलीच सुरमई तिने थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. "दोघांनी वाटून घ्या," म्हणाली.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि मला, थेट मला, म्हणाले, "अहो, ती खिडकी उघडा आधी!"