चावीवाल्याची चौकशी

आजोबांचा मला जन्मभर राग. कधी न पाहिलेल्या माणसाचा. आजीला आणि तान्ह्या वडिलांना तिच्या माहेरी, चाकूरकडच्या एका खेड्यात टाकून हा गृहस्थ उदगीरला दुसरा संसार थाटून बसला. रेल्वेत चावीवाला होता. म्हणजे रोज नेमून दिलेल्या रुळांच्या टप्प्यावरून, बीटवरून, पायी जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकत यायचं. आमच्या घरात त्याचं नावही निघत नसे. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तिकडे उदगीरला आजोबाही गेले. यंदा नांदेडला अंथरुणाला खिळलेले वडील म्हणाले, त्यांनी एकदा तरी माझी विचारपूस केली होती का, एवढं विचारून ये. मला जायचं नव्हतं. तरी गेलो, आणि 'नाही' हेच उत्तर आणायचं असं मनात धरून गेलो.

उदगीरला दुसऱ्या बायकोचा मुलगा सापडला. नात्यानं माझा सावत्र काका, पण मी काका म्हणालो नाही आणि त्यानेही आत ये म्हटलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "हिस्सा मागाय आलास?" मी म्हणालो, तुमचं पत्र्याचं घर तुम्हालाच लखलाभ. चहा सोडाच, पाणीसुद्धा मिळालं नाही. वडिलांचा प्रश्न विचारला तसा तो आणखी भडकला.

"तुझ्या आजीच्या गावाकडचा बीट त्यानं मागून घेतला," तो म्हणाला. "तितं प्याया पानी न्हाई, कुनी जाईना. ह्यो सात वर्सं गेला. त्या गावची पोरं गोटे मारायची. डोस्कं फोडून घिऊन यायचा. माझी माय हळद भरायची, बीट बदला म्हनायची. न्हाई म्हनायचा."

मुकादमाला का नाही सांगितलं, मी विचारलं. त्यानंच सांगू दिलं नाही, असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

परतीच्या एसटीत मी धुमसत होतो. सात वर्षं गावाजवळून जातो आणि एकदा रूळ सोडून खाली यायला होत नाही? पाय मोडले होते का? भेकड माणूस. घरी आल्या आल्या वडिलांना सगळं सांगितलं, गोट्यांसकट, अगदी चवीनं.

वडिलांनी विचारलं, डोक्याला लाल फडकं बांधायचा का तो? मला ते माहीत नव्हतं.

"आई गोटे येचून द्यायची," ते म्हणाले. "कोन हाय ते कदी सांगितलं न्हाई. पोरं पळवनारा हाय म्हनायची."

आयुष्यात पहिल्यांदा मला आजीचा राग आला. तुम्ही लहान होता, असं काहीतरी मी बोलायला लागलो. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"माजा नेम लई चांगला होता," म्हणाले.