शेजारच्या काकूंच्या गोळ्या

आज पनवेलच्या मेडिकलमध्ये मी काय केलं ते सांगतो, शिव्या घातल्या तरी चालतील.

आईची पाळी बंद होतेय, सारखी घामाने भिजते. तिने आयुर्वेदिक गोळ्यांची रिकामी डबी देऊन तसलीच आणायला सांगितलं. मध्येच मी पळस्प्याला मित्राची बाईक बघत बसलो, ते जाऊ दे.

काउंटरपाशी माझ्या वर्गातल्या दोन मुली औषध घेत उभ्या होत्या. मी डबी सरकवून म्हटलं, "शेजारच्या काकूंना हव्यात."

"त्यांना बीपीची गोळी चालू आहे का?" मेडिकलवाल्याने विचारलं.

आईला चालू आहे का, हेच मला माहीत नव्हतं. तसाच घरी आलो आणि आईला सांगितलं, "संपल्यात म्हणाला."

आई पेपरने वारा घेत म्हणाली, "लाज वाटली ना? राहू दे, मीच जाते."

आता ती चप्पल घालतेय आणि मी इथे टाइप करतोय. तुम्ही उठला असतात ना?