पाच फाटकं

"अगं, पण गाडी चालवणारा फाटक उघडायला खाली उतरतोच कशाला?" लिंडसीने बायकोच्या, नोरीनच्या, वहीतल्या कथेवर बोट आपटलं. "शेजारी बाई बसलीय ना चांगली धडधाकट! शेजारी बसेल त्याने फाटक उघडायचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. लोक हसतील."

"हसू देत."

"तिचा पाय मोडलाय असं तरी लिही," लिंडसीची आई थेल्मा मटार सोलता सोलता म्हणाली. "मग शोभेल."

नोरीन तव्यावरचे मटणाचे चॉप्स उलटत राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओरोरूजवळच्या या मेंढ्यांच्या फार्मवर ती लग्न होऊन आली त्याला एकतीस वर्षं झाली. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाच फाटकं. लिंडसीच्या शेजारी बसायचं म्हणजे पाच वेळा उतरायचं, साखळी काढायची, गाडी पुढे गेली की साखळी लावून धावत येऊन बसायचं. चर्चला निघाली तरी. सातव्या महिन्याचं पोट असतानाही.

दोन वर्षं ती टपालाने प्रेमकथा लिहायला शिकत होती. ॲडलेडच्या फिलिपाबाईंनी तिच्या पहिल्या दोन कथा परत पाठवल्या होत्या. त्यांत गुलाब होते, वाइन होती, समुद्रावरचं चांदणं होतं. 'हे सगळं तुम्ही कुठेतरी वाचलेलं आहे,' बाईंनी समासात लिहिलं होतं. 'तुम्ही स्वतः कशाची वाट पाहिलीत, ते लिहा.' मग तिने फाटकाची कथा लिहिली. ती वाचून बाईंनी चार दिवसांच्या वर्गाला बोलावलं. नेमकं लोकर कातरणीच्या आठवड्यात, घरात आठ माणसं जेवायला असताना.

"असा माणूस नसतोच कुठे," लिंडसी म्हणाला.

"होता. तू मला पहिल्यांदा इथे आणलंस तेव्हा. पाऊस पडून नुसता चिखल झाला होता. म्हणालास, तू बस, नवे बूट खराब होतील. पाचही फाटकं तूच उघडलीस."

थेल्माचे हात थांबले. लिंडसीने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"मी?" तो म्हणाला. "नाही बुवा आठवत."

नोरीनने गॅस बंद केला. तिघांची ताटं वाढली, वही उचलून फ्रिजवर ठेवली.

"गुरुवारी सकाळी मी ॲडलेडला जातेय," ती म्हणाली. "सोमवारी येईन. कातरणाऱ्यांचा स्वयंपाक तुम्ही दोघं बघा. गाडी मी नेतेय."