तळाशीलचा गोल फोटो

आमच्या घरात प्रयोग चालतात असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी एसटीत कंडक्टर, आणि माझी बायको संचिता मालवणात भरड नाक्यावर फोटो स्टुडिओ चालवते. पण २००३ साली म्हापशाच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने दुकान बंद करताना तिला फिशआय लेन्स विकली आणि माझ्या सुट्ट्या संपल्या. ही लेन्स डावीकडून उजवीकडे, पायापासून आभाळापर्यंत, समोरचं सगळं एका गोल चित्रात घेते. पहिल्या रोलमध्ये संचिताच्या चपला आल्या, स्टँडचे पाय आले आणि माझं नाक आलं. त्या नाकावरून बायकोचं माहेर अजून हसतं.

दुसरी कोणी असती तर लेन्स कपाटात गेली असती. संचिता शेजाऱ्याच्या अर्धवट बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीसमोर जाऊन बसली. चिऱ्यांच्या रांगा सरळ, म्हणजे चित्रात त्या कुठे आणि किती वाकतात हे पट्टी लावून मोजता येतं. मधोमध जाणारी रांग सरळ राहते, वरच्या-खालच्या फुगतात, आणि कॅमेरा जरासा कलला तर मधलीही वाकते, हे तिने शोधून काढलं.

मग आमची वरात समुद्रावर. मध्ये खुंटी ठोकून दोरीने वाळूत अर्धवर्तुळ आखलं आणि त्यावर सारख्या अंतराने नारळ मांडले. नारळ उचलणारा अर्थात मी. खुंटीच्या जागी कॅमेरा ठेवून तिने फोटो काढला. लॅबमधून प्रिंट आली तर सगळे नारळ सारखे, फक्त अगदी कडेचे दोन चेपलेले.

"बघा," ती म्हणाली. "सरळ रांगेत उभी केली तर टोकाची माणसां लांब पडतत, म्हणान बारीक दिसतत. अर्ध्या गोलात उभी केली की सगळी सारकी."

कडेची ती जागा तिने कायमची रिकामी ठेवायची ठरवली. पुढे मोठ्या कुटुंबांचे फोटो म्हणजे संचिताच, असं मालवणात होऊन गेलं. तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती.

दोन वर्षांनी तळाशील गावाहून चंद्रावतीकाकी स्टुडिओत आली. आयुष्यभर मासे विकलेली बाई, घासाघीस तिच्या रक्तात. त्या दिवशी मात्र ती सरळ बोलली.

"माका दोनय झील एकाच फोटोत व्हये. मी मेल्यार दोगय येतले, माझ्या फोटोक हार घालूक. माका जित्येपणी व्हये."

तिचा थोरला शिवा ट्रॉलरवर कामाला, धाकटा बाबली किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीत. एका पहाटे ट्रॉलर किनाऱ्यालगत आला आणि रापणीचं जाळं फाटून गेलं. शिवा त्याच ट्रॉलरवर होता. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. आईसाठी दोघे फोटोला तयार झाले होते, पण अटीवर. शेजारी उभं राहणार नाही आणि तोंड बघणार नाही.

"होतला," संचिता म्हणाली. "एकाक ह्या टोकाक, एकाक त्या टोकाक."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, नको त्यात पडू. तिने ऐकलं नाही. ती माझं कधी ऐकते?

रविवारी सकाळी आम्ही तळाशीलला गेलो. घरामागच्या वाळूत अर्धवर्तुळ आखलं. मध्ये खुर्चीवर काकी, दोन्हीकडे सुना, नातवंडं, चुलते. डाव्या टोकाला शिवा, उजव्या टोकाला बाबली. संचिता कॅमेऱ्यामागे उकिडवी बसली आणि म्हणाली, "सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघा."

तेव्हा घोटाळा उघडा पडला. कडेची जागा सोडली तरी अर्ध्या गोलाची दोन टोकं म्हणजे जवळजवळ समोरासमोर. शिवाने कॅमेऱ्याकडे बघितलं की कॅमेऱ्यापलीकडे बाबली, आणि बाबलीने बघितलं की शिवा. चिरे मोजले, नारळ मोजले आणि हे हिच्या डोक्यात आलंच नव्हतं. संचिता आजही म्हणते की आलं होतं. माझा विश्वास नाही, पण घरात शांतता हवी.

"माका ह्येचा तोंड बघूचा नाय," शिवा म्हणाला आणि वळला.

मला वाटलं, संपलं. काकीने पदर नीट केला आणि समोर बघत राहिली. मला त्या क्षणी दोन्ही भावांचा मनापासून राग आला.

संचिता जागची हलली नाही. "वळलास तर तुझी पाठ येतली फोटोत," ती शिवाला म्हणाली. "आवशीन भिंतीर ती लावची काय?"

शिवा परत फिरला. दोघेही लाकडासारखे ताठ. तिने एक फोटो काढला, दुसरा काढला. तिसऱ्यासाठी ती थांबली, कारण एक मूल रडत होतं. सगळे तसेच उभे. दोन भाऊ एकमेकांसमोर, नजर न्यायला दुसरी जागा नाही.

"हाताक काय झाला?" शिवाने विचारलं.

बाबलीच्या पंजाला फडकं बांधलेलं होतं. तो हात वर करून म्हणाला, "दोरी लागली. आता बरो आसा."

संचिताने त्याच वेळी बटण दाबलं. फोटो झाल्यावर शिवा मागच्या वाटेने गेला, बाबली रापणीकडे.

आठवड्याने काकी स्टुडिओत आली. संचिताने पहिले दोन फोटो तिच्यासमोर ठेवले. सगळे चेहरे स्वच्छ, समुद्राची रेषा सरळ, कुठे खोट नाही. तिसरा तिने पालथा करून ठेवला होता. त्यात बाबलीचं तोंड उघडं होतं आणि हात हललेला.

"तो बिघडलो, काकी," संचिता म्हणाली. हललेला फोटो ती कधीच दुकानाबाहेर जाऊ देत नाही.

काकीने तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"ह्योच मोटो कर," ती म्हणाली. "ह्येच्यात बाबली शिवाशी बोलता."