मंजू जानचा वर्ग

घरात श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी आणत नाही, पण टाकवतही नाहीत. आता तर आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळींत कोणाकडे पॉटलक असलं आणि मी ताट वाढून घेतलं, की कोणीतरी विचारतंच, "मंजिरी, मंगळवारचं काय नवीन?"

मंगळवारी सकाळी मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत तीन अफगाण बायकांना इंग्रजी शिकवते. फरिश्ता, सत्ताविशीची, दोन लहान मुलांची आई. तिची सासू बीबी गुल, जिला कुठल्याच भाषेत लिहिता-वाचता येत नाही. आणि परवीन, माझ्याच वयाची. काबूलला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिकडे तालिबान परत आले आणि या तिघी हातात येईल ते घेऊन निघाल्या. फरिश्ताचं लहानपण पेशावरला गेल्यामुळे तिला उर्दू येतं, आणि माझं हिंदी नागपूरचं. एवढ्यावर आमचं सगळं भागतं.

* * *

पहिल्याच दिवशी मी दारात उभी राहून कागद वाटत होते. बीबी गुल माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चौकी."

मला धसकाच बसला. आल्याआल्या चौकी? पोलिसांचं काही लफडं झालं की काय? मी हळू आवाजात विचारलं, काय झालं, कोणी त्रास दिला का. त्या परत म्हणाल्या, "चौकी, चौकी," आणि या वेळी माझा हातच धरला. मी फोन काढला, म्हटलं आता कोणाला तरी गाठावं लागणार.

फरिश्ता धावत आली. म्हणाली, बीबी तुम्हाला खुर्चीवर बसायला सांगतायत. आमच्याकडे चौकी म्हणजे खुर्ची. त्या म्हणतायत, शिकवणारी बाई उभी आणि आम्ही बसलेल्या, हे बरं दिसत नाही.

तेव्हापासून मी बसून शिकवते.

* * *

त्यांच्यात आपल्या माणसाच्या नावापुढे 'जान' लावतात. आपण ताई-दादा लावतो तसं. त्यामुळे मी दुसऱ्या आठवड्यातच मंजू जान झाले.

एकदा परवीनने घरी फोन केला, तो सुहासने, माझ्या नवऱ्याने, उचलला. "मंजू जान आहेत का?" तिने विचारलं. त्याने स्वयंपाकघरात येऊन फोन माझ्या हातात दिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "लग्नाला अठरा वर्षं झाली, मला कधी हिंमत झाली नाही गं."

मग एक दिवस तो मला घ्यायला लायब्ररीत आला. बीबी गुलनी त्याचा गाल थोपटला आणि म्हणाल्या, "सुहास जान." हा माणूस ऑफिसात चाळीस जणांचा मॅनेजर आहे. कानापर्यंत लाल झाला. आता दर महिन्याला त्यांच्या तांदळाच्या गोण्या दोन जिने चढवून देतो, आणि त्याबद्दल मी काही बोललेलं त्याला चालत नाही.

* * *

फॉर्म भरायला शिकवत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख. बीबी गुलची एक जानेवारी. फरिश्ताची एक जानेवारी. मी म्हटलं, सासूसुनेचा वाढदिवस एकच, काय छान योग! तेवढ्यात परवीन म्हणाली, तिच्या आईचाही एक जानेवारी.

मग कळलं. गावाकडे तारीख कोणी लिहून ठेवलेली नसते. कागदपत्रं करताना ऑफिसर विचारतो, माहीत नाही म्हटलं की एक जानेवारी टाकून मोकळा होतो.

मी घरी हे सांगितलं. माझी लेक इरा तेरा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली, वाढदिवस हा विषय तिच्यासाठी फार सीरियस. "दॅट्स सो सॅड," म्हणाली, आणि पुढच्या सुट्टीत माझ्याबरोबर येऊन बीबींना थेट विचारलं, तुम्ही खरं तर कधी जन्मलात? फरिश्ताने भाषांतर केलं. बीबींनी बराच विचार केला. आई सांगायची, म्हणाल्या, तू झालीस तेव्हा तूत पिकली होती.

तूत म्हणजे आपली तुती. आणि तुती इथे जूनमध्ये पिकते! त्यांच्याच अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमागे झाड आहे, फळं फुटपाथवर सडून जातात, कोणी ढुंकून बघत नाही. जूनमधल्या एका शनिवारी आम्ही झाडाखाली चादर अंथरली. बीबी गुलनी फांदी धरून असं काही हलवलं की सगळ्यांच्या डोक्यावर जांभळा सडा. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले, म्हणाले, मी वीस वर्षं इथे राहतो, हे खातात हे मला माहीत नव्हतं. बीबींनी त्यांची ओंजळ भरली.

इराने सगळ्यात मोठ्या तुतीत मेणबत्ती खोचायचा प्रयत्न केला. तुती फुटली. बीबींनी तशीच तोंडात टाकली, आणि मेणबत्ती इराच्या हातात ठेवली.

* * *

'वेटिंग' या शब्दावर संवाद चालला होता. कोण कशाची वाट बघतंय. तिघी म्हणाल्या, असायलमच्या, म्हणजे इथे आश्रय मिळण्याच्या केसची. चार वर्षं होत आली, कोर्टाची तारीख पुढे जाते, मध्येच नियम बदलतात, दाराची बेल वाजली की आधी पडद्याआडून बघतात.

मग त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ग्रीन कार्डाची. बारा वर्षं झाली.

फरिश्ताने ते भाषांतर केलं. परवीनने बोटांवर मोजून खात्री करून घेतली. बीबी गुलनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिल्या. फरिश्ता मला हळूच म्हणाली, बीबी दुआ मागतायत की आधी मंजू जानचं काम होऊ दे, आमचं नंतर.

मी मान खाली घातली. मला परत जावं लागलं तर नागपूर आहे. तिथे परत जायचा मला कंटाळा आहे, भीती नाही. हे उर्दूत कसं सांगायचं, ते मला काही केल्या सुचेना.

* * *

परवीन इथे एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंगची नोकरी करते. मंगळवारी सुट्टी घेते आणि रविवारी भरून काढते.

एकदा स्नो डेमुळे इराची शाळा बंद होती. रस्ते साफ झाल्यावर मी तिला वर्गाला घेऊन गेले. ती कोपऱ्यात अल्जिब्राचा होमवर्क करत होती. करत कसली, वहीवर डोकं टेकून बसली होती. परवीन उठली, वही बघितली, आणि फळ्यावरचा माझा पास्ट टेन्स पुसून टाकला. मार्कर घेतला. तिला इंग्रजी धड येत नाही, इराला त्यांची भाषा येत नाही. अर्धा तास दोघी नुसतं एकमेकींकडे आणि फळ्याकडे बघत होत्या. परवीन एक पायरी लिहायची आणि मार्कर इराकडे द्यायची. चुकलं की भुवई वर. बरोबर आलं की काहीच नाही, नुसती पुढची ओळ.

गाडीत इरा म्हणाली, "आई, शी इज लाइक, अ रिअल टीचर."

मी तिला एक सांगितलं नाही. वर्ग सुटल्यावर परवीन हात धुवायला बेसिनपाशी गेली होती. तळहाताच्या कडेला निळी शाई लागली होती. नळ सोडला, हाताकडे बघितलं, नळ बंद केला आणि तशीच परत आली.

* * *

फरिश्ताला होमवर्क दिला होता, काल काय केलं ते पाच वाक्यांत लिहून आण. तिने आणलं ते असं: "आय वेन्ट टू पार्क. आय सॅट. नोबडी आस्क्ड. आय सॅट मोअर. आय कम होम."

काबूलला आता बायकांना पार्कात जायला बंदी आहे. मी 'कम'चं 'केम' केलं. बाकी कुठे पेन टेकवलं नाही.

* * *

आता गेल्या महिन्यातला सांगते.

वर्गाची हजेरी घ्यावी लागते, लायब्ररीचा नियम आहे. ते काम परवीनने आपणहून घेतलंय. मध्यंतरी तिने मला विचारलं, टेबलावर फोन ठेवला तर चालेल का? काबूलला तिची भाची आहे, शबनम, पंधरा वर्षांची. तिकडे सहावीनंतर मुलींना शाळा नाही, त्यामुळे ती घरीच. आपली सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. नुसती ऐकेल, म्हणाली. मी म्हटलं, ठेव.

फोन टिश्यूच्या खोक्याला टेकून उभा असतो. शबनम बोलते ती कुजबुजत, कारण शेजारच्या घराची आणि त्यांची भिंत एकच आहे, आणि शेजारी कसा माणूस आहे हे तिच्या आईला अजून कळलेलं नाही. परवीन हजेरीत तिचं नाव चौथं लिहायची. मी बघत होते, खोडलं नाही.

लिंडाच्या ते लक्षात आलं. लिंडा म्हणजे लायब्ररीतले असे सगळे वर्ग बघणारी बाई, आयुष्यभर शाळेत शिकवून रिटायर झालेली, नियमाला पक्की. ती कागद घेऊन दारात येऊन उभी राहिली. इथे चार नावं आहेत, खोलीत तिघीच दिसतायत, आणि वर्ग तर फक्त इथे राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणाली.

मी काही सांगणार तेवढ्यात परवीनने रोजच्यासारखी नावं घ्यायला सुरुवात केली. बीबी गुल, हाजिर. फरिश्ता, हाजिर. स्वतःचं नाव घेऊन स्वतःच हाजिर म्हणाली. मग म्हणाली, "शबनम."

फोनमधून काहीतरी कुजबुजल्यासारखं आलं.

लिंडा फोनकडे बघत राहिली. कोण आहे ते मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने हातातल्या कागदाची घडी केली.

"तिला जरा मोठ्याने म्हणायला सांग," ती परवीनला म्हणाली. "मला मागे ऐकू आलं नाही."

परवीनने माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वळून त्यांच्या भाषेत सांगितलं. पलीकडे पावलं वाजली. मग काहीतरी ओढून घेतल्याचा आवाज आला, बहुधा खिडकी. परवीनने पुन्हा नाव घेतलं.

"हाजिर!"