शेवटच्या पदाचा तबला

“हाणू का एक?” हा मामांचा नमस्कार होता. चहा गार आला, हाणू का. रिक्षावाल्यानं उगीच हॉर्न दिला, हाणू का. तुम्ही म्हणाल, असं बोलणारी माणसं हाणत नसतात, गरजेल तो पडेल काय. चूक! मामा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता हाणायचे.

मूळचे वैरागचे. सोलापुरात गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तबला चालू राहिला. आमच्या भागातल्या हौशी नाटक मंडळीत ते तबल्याला बसत. अंगानं काटकुळे, पंजा मात्र भाकरीएवढा. रागीट माणूस मला एरवी आवडत नाही, कारण मी स्वतःच रागीट आहे. पण मामांवर माझा जीव होता, खोटं कशाला बोलू?

अशोक चौकात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नात गाणाऱ्या हौशी मंडळींना कराओके ट्रॅक, निवडणुकीत रिक्षावरच्या घोषणा, काय पडेल ते करतो. एक दिवस मामा उजव्या हाताला प्लास्टर घालून दारात उभे. मागे पायरीवर मामी, डोक्यावरून पदर.

“मामी, आत या की.”

“न्हाई, मी हितंच बरी,” म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या.

झालं होतं असं. मंडळींनी नवं संगीत नाटक बसवलं होतं. शेवटच्या प्रवेशात नायिका दुष्ट सरदाराला सुऱ्यानं भोसकते आणि प्रेताशेजारी बसून पद म्हणते. तालमीला सरदार उशिरा आला, वर म्हणाला, “काय मामा, तापलाय का?” मामांनी ठोसा फेकला. सरदार खाली वाकला. ठोसा बसला हॉलच्या लोखंडी शटरवर. पंजाची हाडं मोडली. शटरलाही पोचा आला, हे मामा अभिमानानं सांगत.

प्रयोग तोंडावर, आणि दुसरा तबलजी मिळेना. गावातल्या निम्म्या तबलजींना मामांनी हाणलेलं, उरलेल्यांनी ते डोळ्यांनी बघितलेलं. मामांच्या जागेवर बसायला कोण धजणार? शेवटी ठरलं, बाकीची पदं नुसत्या पेटीवर भागवायची आणि शेवटच्या पदाला ट्रॅक वाजवायचा.

“डॉक्टर म्हनला, प्लास्टर निघायच्या आत हात हलवला तर बोटं कायमची वाकडी,” मामा म्हणाले. “मंग तबला संपला माजा. म्हनून तुज्या दारात आलोय. न्हाईतर तुज्या मशिनीला इचारतंय कोन?”

मी मन लावून ट्रॅक केला. खून आहे म्हणून ढोल घातले, नगारे घातले, विजेचा कडकडाट, मागं बायकांचा आक्रोश. माझ्याच अंगावर काटा आला. मामांनी पूर्ण ऐकलं, शांतपणे डाव्या हातानं माझा कीबोर्ड उचलला आणि भिंतीवर घातला. बटणं चुरमुऱ्यासारखी उडाली.

“मामा, डोकं फिरलंय का तुमचं!”

“खून हाय त्यो, वरात न्हाई! मारलंय तिनं, आन आता तिलाच भ्या वाटतंय. तबला असा वाजला पायजे, की शेजारी झोपल्यालं पोर उठू ने.”

मी दुसरा कीबोर्ड आणला, ढोल-नगारे काढले, नुसता तबला ठेवला आणि आवाज बारीक केला. मामा आणखी भडकले. “बारीक न्हाई रं, हलकं! बारीक केला म्हंजे लांबून घन मारल्यागत झालं. बोट कुटं हाय ह्याच्यात?” मग ते तोंडानं बोल म्हणायचे, मी एकेक ठोका जुळवायचा. दोघांनी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार केला. जमेना ते जमेना.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच आले, बगलेत तबला-डग्गा घेऊन. माझ्या स्टुडिओच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत, त्यांची खडखड दिवसभर चालते. मामा थेट तिकडं गेले आणि मेन स्विच ओढला. मागवाला धावून आला, त्याच्या कानाखाली डाव्या हातानं एक वाजवली. मी पाया पडून त्याला थोपवला. माग थांबले, गल्ली एकदम गप्प झाली.

परत येऊन मामांनी प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला आणि तबल्याची हातोडी घेऊन प्लास्टर फोडायला लागले.

“मामा, बोटं जातील!”

“जाऊ देत. तू बाजूला हो.”

मी त्यांचा दंड धरला. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फुटला, शर्टावर रक्त आलं. तोवर आतला हात बाहेर निघाला होता. सुजलेला, काळानिळा, बघवत नव्हता.

मी ओठावर रुमाल धरून रेकॉर्डिंग चालू केलं. मामा वाजवायला लागले. नायिकेच्या पदाचा साधा दादरा, पण इतका हलका, की मी श्वास रोखून बसलो. मामांच्या कपाळावरून घाम गळत होता, दात आवळलेले. पद संपलं आणि मामा उठून मोरीत जाऊन ओकले.

प्रयोगाला सरदार पडला, मी ट्रॅक लावला आणि थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. वन्समोर आला. मेलेला सरदार उठायच्या बेतात होता, तो मुकाट परत आडवा झाला. पहिल्या रांगेत मामा हात गळ्यात बांधून बसले होते. टाळी वाजवता येईना, म्हणून डाव्या हातानं मांडी बडवत होते.

बोटं वाकडी झाली ती झालीच. मामा पुन्हा तबल्याला बसले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात बसल्या जागी गेले.

तेरावं झाल्यावर मी तो ट्रॅक आणि छोटा स्पीकर घेऊन मामींकडं गेलो. म्हटलं, म्हातारीला तेवढाच आधार.

“मी कुटं ऐकलाय त्यांचा तबला?” मामी म्हणाल्या. “घरात आनायचे न्हाईत, नाटकाला कदी नेलं न्हाई.”

मी स्पीकर लावला. मामी उठल्या आणि दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. “ह्या कानानं ऐकाय येत न्हाई,” डाव्या कानाला हात लावून म्हणाल्या.

“कशानं हो?” मी बावळटासारखं विचारलं.

“कशानं म्हंजे? तुमच्या मामांचा हात.” कांदे महागलेत, असं सांगावं तसं म्हणाल्या.

इतकी वर्षं मी त्यांच्या मारामाऱ्या लोकांना रंगवून सांगत होतो. त्या क्षणी मामा समोर असते, तर मीच त्यांना हाणलं असतं. मी स्पीकर बंद करायला गेलो.

“ऱ्हाऊ द्या,” मामी म्हणाल्या. “लावलाय तर वाजू द्या.”

त्यांनी उजवा कान पुढं करून सगळं पद ऐकलं. मग मला विचारलं, “एवढा हलका बी पडायचा व्हय त्यांचा हात?”