नानांची गाडी आणि वैशालीचा प्रबंध

"सब ठीक था, मॅडम. आदेश मिळाला, पालन केलं."

सुभेदार नानांचं हे उत्तर रेकॉर्डरवर ऐकलं आणि मी हेडफोन काढून ठेवला. त्यांच्या आधी मुलाखत दिलेल्या निवृत्त जवानांनीही जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. समोर माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी वैशाली रडवेली होऊन बसली होती.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. यादवी थांबलेल्या देशात दोन्ही गटांच्या मध्ये उभं राहायला अनेक देशांचे सैनिक जातात, ती शांतिसेना. आपल्या खानदेशातलेही काही जण आफ्रिकेत जाऊन आलेत. कालचे वैरी तिथे निवडणुकीला एकत्र कसे आले, हे वैशालीला या जवानांच्या तोंडून लिहायचं होतं. पण मुलाखतींचं प्रकरण वाचून विद्यापीठाच्या संशोधन कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "हे संशोधन नाही, माहितीपत्रक आहे." मुदतवाढ शेवटची होती. प्रकरण सुधारलं नाही तर नोंदणीच रद्द.

मुलाखत शांत खोलीत, लेखी संमती घेऊन करायची, हा आमचा नियम. वैशालीने तो काटेकोर पाळला होता. कॉलेजची रिकामी खोली, दार बंद, टेबल, समोरासमोर खुर्च्या, सहीचा कागद. कुठे चुकलं ते मलाही कळेना.

नानांनी जाताना तिला भरीत खायला साक्रीजवळच्या शेतावर बोलावलं होतं. थंडीत आमच्याकडे शेतावर भरिताचा बेत होतोच. मीही गेले. नानांच्याच तुकडीतले हवालदार भाऊ मुक्ताईनगरकडून हिरवी वांगी घेऊन आले होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि त्या दोघांची बडबड काही थांबत नव्हती. हाच का तो 'सब ठीक था'वाला माणूस, म्हणून मी सरळ विचारलं, "नाना, त्या खोलीत इतकं कमी का बोललात?"

"ताई, फौजमा बंद खोली, टेबल अन् सहीना कागद म्हंजे चौकशी. तठे मानूस कमीच बोलस."

मी कपाळाला हात लावला. भाऊ हसत म्हणाले, "नाना, ती बाजाराची गोष्ट सांगा मॅडमना."

"दोन गटसना मधमा आमनी गाडी उभी ऱ्हाये," नाना सांगू लागले. "एक दिन दोन जण गाडीजोडे येईसन उभा ऱ्हायनात. म्हने, साहेब, गाडी अठून काढा. आमले अठे बाजार भरावना शे."

"साधे दोघं नव्हते ते," भाऊ म्हणाले. "एकेका गटाचा एक, निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे होते."

"हां. एकमेकना तोंड पाहेत नव्हतात, अन् आमले हटावाले संगे येल व्हतात."

वैशाली सरसावून बसली. तिचा अख्खा विषय या एका गोष्टीत होता. शांतिसेनेची अडचण व्हायला लागली, तेव्हा तिथे शांतता आली होती.

"मग हे खोलीत का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"गाववालासनी फौजनी गाडी हटाई, हाई चौकशीमा कोन सांगस, बेटा?"

तिने रेकॉर्डिंगसाठी फोन काढला. मी तो खाली ठेवायला लावला. "आपल्याला जेवायला बोलावलंय, मुलाखतीला नाही." ती माझ्यावर चिडली, पण जेवली. हात धुतल्यावर तिने रीतसर परवानगी मागितली. नानांनी एकच अट घातली, भाऊ शेजारी हवेत. पुढच्या आठवड्यात त्याच शेताच्या बांधावर दोघांची मुलाखत झाली. एक विसरला की दुसरा आठवण करून द्यायचा. मग बाकीचे जवानही जोडीजोडीने बोलायला तयार झाले.

कमिटीत अध्यक्षांनी विचारलंच, "मुलाखती शेतात? शांत खोली मिळाली नाही?"

"मिळाली होती, सर. त्यांना ती चौकशीची वाटली."

अध्यक्षांनी ते प्रकरण तिथेच पुन्हा वाचलं आणि बाजाराचा प्रसंग सुरुवातीला घ्यायला सांगितलं. प्रकरण मंजूर झालं, नोंदणी वाचली. हल्ली मी विद्यार्थ्यांना प्रश्न तपासण्याआधी एकदा समोरच्या, उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत बसवते. तिथून काय दिसतं ते कळलं, की निम्मं काम होतं.

प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. नाना आणि भाऊ जीप घेऊन आले आणि नानांनी ती नेमकी गेटसमोर उभी केली. वॉचमन धावत आला. "बाबा, गाडी काढा. पोरांचा रस्ता अडलाय."

नानांनी चावी फिरवली आणि खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "ताई, अठे बी सब ठीक शे."